काकू म्हणाल्या, लागलेलं दिसत नाही

काकू काल जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "बरं झालं बाई, तू फारसं मनाला लावून घेतलेलं दिसत नाही." अगदी मायेनं म्हणाल्या. मी हसले, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि वर आले. तेव्हापासून काही सुचत नाहीये.

कसं दिसायला हवं होतं मी?

मी गुणगुणत होते, ते त्यांनी ऐकलं असणार. विल्को या अमेरिकन बँडचं 'बॉक्स फुल ऑफ लेटर्स'. 'ए.एम.' या त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवरचं, १९९५ चं. सकाळपासून डोक्यात बसलं होतं. ती सगळी गाणीच तशी आहेत, एकदा शिरली की दिवसभर निघत नाहीत. गिटार अशी खणखणीत वाजते की पायऱ्या चढताना पाय आपोआप उचलले जातात. आता आत तो माणूस काय म्हणतोय ते काकूंना कुठून कळणार? पेटीभर पत्रं आहेत, तुला वाचावीशी वाटतील पण सगळी माझ्या नावानं आलेली. तुझ्या रेकॉर्डी वेगळ्या काढून ठेवल्यात. ऐकाव्याशा वाटतात, पण परत देऊन टाकतो. आणि मनातलं हवं तसं लिहायला काही वेळ सापडत नाही. एवढंच म्हणतो तो. चाल मात्र अशी की वाटावं, स्वारी सहलीला निघालीय.

ही सीडी अमेरिकेतल्या सेंट लुईसहून आणली होती ती माझ्या कामातल्या भागीदारानंच, जो आता सोडून गेलाय. ते असो.

या रेकॉर्डमागचा किस्साही सेंट लुईसचाच. नदीपलीकडच्या बेलव्हिल गावातली शाळेपासूनची दोन पोरं, जे फरार आणि जेफ ट्वीडी. पंक ऐकत वाढलेली, आणि मग कार्टर फॅमिलीच्या जुन्या कंट्री गाण्यांत शिरलेली. त्यांच्या अंकल टुपेलो या बँडचा १९९० चा अल्बम 'नो डिप्रेशन' इतका गाजला की पुढे त्या सगळ्या प्रकारच्या संगीताचं मासिक निघालं तेही त्याच नावानं. फरारचा आवाज जड, जमिनीतून आल्यासारखा. बँड म्हणजे तो, असंच लोक धरून चालायचे. ट्वीडी बास वाजवायचा आणि आपली गाणी मधेमधे बसवायचा. जानेवारी १९९४ मध्ये फरारनं सांगून टाकलं की मी चाललो. सांगितलं ते मॅनेजरला. ट्वीडीला कळलं ते मॅनेजरकडून.

इथे मला थांबावंच लागतं. आमच्याकडे तो वेगळा होतोय हे सीएंना आधी कळलं. त्यांना वाटलं मला ठाऊक आहे, म्हणून त्यांनी फोनवर सहज विचारलं, "मग मॅडम, नाव तुम्ही ठेवणार की ते?" मी म्हटलं, बघू. दुसरं काय म्हणणार होते? एवढी वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून अंक काढले, मुखपृष्ठं त्याची, आतली पानं माझी. सांगायचं तर मला सांगायचं. ओरडला असता तरी चाललं असतं. वहिनींनासुद्धा माहीत होतं, आणि त्या संक्रांतीला मला तिळगूळ देऊन गेल्या.

पुरे. त्याबद्दल नाही लिहायचं.

अंकल टुपेलोचा शेवटचा कार्यक्रम १ मे १९९४ ला, सेंट लुईसमध्येच, मिसिसिपी नाइट्स या क्लबमध्ये. आणि त्याच उन्हाळ्यात ट्वीडी उरलेल्यांना घेऊन, विल्को या नव्या नावानं, मेम्फिसच्या ईझली स्टुडिओत ही रेकॉर्ड करत होता. कूमर ड्रमवर, स्टिरॅट बासवर, जॉन्स्टन फिडल आणि मँडोलिनवर. लीड गिटारला माणूसच नव्हता, म्हणून बॉटल रॉकेट्स या बँडच्या ब्रायन हेनमनला बोलावून घेतलं. कंपनी मोठी, रिप्राइज, पण आतला मामला असा हाताशी आहेत त्यांना घेऊन उभा केलेला. आणि त्यात माणसानं काय केलं? शोक नाही केला. तीन-तीन मिनिटांची, पटकन ओठावर बसणारी गाणी केली.

मेम्फिसमध्येच हे व्हावं याचं मला फार वाटतं. बिग स्टार हा बँड तिथलाच. १९७२ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, नाव '#१ रेकॉर्ड', आणि तो दुकानांपर्यंत धड पोचलाच नाही. आज पॉवर पॉप म्हटलं की आधी त्याचंच नाव निघतं. गिटारच्या चमकत्या तारा, दोन-तीन आवाज एकत्र, धृपद लगेच पाठ होणारं, आणि त्या सगळ्याच्या खाली कोणीतरी मोडलेलं. 'ए.एम.'मध्ये हेच गावाकडच्या वाद्यांत उतरलंय. लॉइड मेन्सची पेडल स्टील काही गाण्यांत मागून येते. आपल्याकडे हवाईयन गिटार ऐकलेल्यांना तो आवाज ओळखीचा वाटेल. तारेवर धातूची कांडी सरकते आणि पायानं पेडल दाबलं की सूर अख्खा वाकतो, एकाचा दुसरा होतो. सूर तुटत नाही, नुसता वाकतो. काल रात्री हेडफोन लावून मी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. 'पॅसेंजर साइड'मधलं फिडलही. लायसन्स गेलेला माणूस दुसऱ्याच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसलाय, आणि ते त्याला आवडत नाही. ज्यानं चालवायची सवय केली त्याला शेजारी बसणं जड जातं म्हणे. मला उलट वाटतं. शेजारी बसायची सवय झालेल्याला स्टिअरिंग हातात आल्यावर जास्त जड जातं.

पण मूळ बोच तीच. लागलेलं दिसत नाही.

'ए.एम.'ला हेच ऐकावं लागलं. १९९५ च्या मार्चमध्ये ती आली आणि सप्टेंबरमध्ये फरारच्या नव्या बँडचा, सन व्होल्टचा, 'ट्रेस' आला. गंभीर, धुळीचा, लांबच्या रस्त्यांचा. समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. तो बिलबोर्डच्या २०० अल्बमांच्या यादीतही गेला. 'ए.एम.'ला तिथे जागा मिळाली नाही. ती हलकी ठरली. जो सोडून गेला तो खोल, आणि जो मागे राहून गाणी करत बसला तो उथळ. आजही विल्कोच्या चाहत्यांना विचारा, नंतरच्या 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट' या अल्बमवर तासभर बोलतील आणि 'ए.एम.'बद्दल "सुरुवातीची आहे, ठीक आहे."

ठीक नाहीये ती. मला ती मनापासून मोठी वाटते. रडून दाखवलं तरच लागलं, हा हिशेब मला मान्यच नाही. कोणीतरी उठून गेल्यावर घरात जो आवाज उरतो तो बसू न देण्यासाठी माणूस गाणं म्हणतो. आमची आजी आजोबा गेल्यावर दळण दळताना ओव्या म्हणायची ती काय आनंदानं? तिच्याही शेजारणी कुजबुजल्या असतील.

काकूंवर राग नाही. त्यांनी जे दिसलं ते सांगितलं. आणि खरं सांगायचं तर दिसतंय तेही खोटं नाही. मधूनच मला बरं वाटतं. संध्याकाळी टेबल पूर्ण माझं असतं. रंगांचे नमुने त्याच्या बाजूपर्यंत पसरून ठेवते, कोणी "हे काय, भडक" म्हणत नाही. आठवण येते आणि बरंही वाटतं. दोन्ही एकाच वेळी होतं, आणि ते काकूंना जिन्यात समजावून सांगता येण्यासारखं नाही.

त्याचं स्वतंत्र काम दिवाळीला येईलच. चांगलं असेल. माझ्यापेक्षा चांगलं असण्याचीच शक्यता जास्त, आणि लोक तसं म्हणतीलही. म्हणू देत. मी ते विकत घेऊन बघणार. 'ट्रेस' मला आवडत नाही असं कुठे आहे? त्यातलं 'विंडफॉल' लागलं की मी अजूनही हातातलं काम ठेवते.

आपल्या अंकाचं मुखपृष्ठ या वेळी मी करतेय. संपादकांना सोमवारी दाखवायचंय. पिवळं करणार आहे, झेंडूचं पिवळं, कडेपासून कडेपर्यंत.