मागणाऱ्याला पगार?

"पैसा मांगाले पगार?"

आप्पांनी बशी ओठांपासून लांब नेली आणि माझ्याकडे पाहतच राहिले. मी श्रावणात कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे खानदेशातल्या आमच्या सणासाठी, गावी गेले होते. गाव अमळनेर तालुक्यातलं. ब्रिटनमधल्या कार्डिफला राहून बारा वर्षं झाली, पण "तू तठे काय काम करस?" या प्रश्नाला मी दर खेपेला "ऑफिसात आहे" एवढ्यावर भागवत आले. या वेळी म्हटलं, नीट सांगू. मी वेल्समधल्या एका राष्ट्रीय सांस्कृतिक संस्थेत नोकरभरतीचं काम बघते (नाव लिहीत नाही, मुलाखतीतल्या गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात, तरी थोड्या सांगणारच आहे), आणि सध्या आम्ही फंडरेझिंग मॅनेजर शोधतोय. संस्थेसाठी देणग्या मिळवणारा माणूस. वर्षाला चाळीस हजार पौंडांच्या आतबाहेर पगार.

आप्पांनी मनातल्या मनात गुणाकार केला. तो चेहऱ्यावर दिसला.

आप्पा म्हणजे माझे थोरले काका. निवृत्त शिक्षक आणि तीस वर्षं गावच्या वाचनालयाचे चिटणीस. या तीस वर्षांत किती पावतीपुस्तकं संपवली याचा हिशेब त्यांच्याकडे आहे, पण त्यापायी झिजलेल्या चपलांचा नाही. पेट्रोलसुद्धा स्वतःचं. त्यांचा एकच नियम: नवं पावतीपुस्तक फाडलं की पहिली पावती स्वतःच्या नावाची, एकशे एक रुपयांची. ज्यानं आधी स्वतःच्या खिशात हात घातला नाही, त्यानं दुसऱ्याच्या दारात उभं राहू नये. अशा माणसाला मी सांगत होते की आमच्याकडे मागणाऱ्याला पगार, रजा आणि पेन्शनही असते.

"मग टक्केवारीवर ठेवा ना," ते म्हणाले. "जेवढे आणील तेवढ्यातून."

तेही चालत नाही म्हटल्यावर त्यांना गंमत वाटली. टक्केवारीवर माणूस ठेवला की तो म्हाताऱ्या बाईच्या सोफ्यावरून चेक घेतल्याशिवाय उठत नाही, हे ब्रिटनमध्ये फार पूर्वी लोकांच्या लक्षात आलंय. कमिशन नसूनही तिथं व्हायचं ते झालंच. 2015 मध्ये मोठा गदारोळ उठला होता. वयस्कर लोकांच्या घरी देणग्या मागणारी पत्रं आणि फोन यांचा असा मारा चालायचा की त्यांना दार उघडायची भीती वाटावी. त्यानंतर 2016 मध्ये देणग्या मागण्यावर लक्ष ठेवणारी स्वतंत्र नियामक संस्थाच उभी राहिली. आता ‘मला पत्र पाठवू नका’ असं कुणी कळवलं आणि तरी पत्र गेलं, तर पाठवणाऱ्याला जाब द्यावा लागतो.

आपल्याकडच्या वाचकांना तिथली पैशाची वाट थोडी सांगायला हवी. वेल्सची राष्ट्रीय संग्रहालयं 2001 पासून सगळ्यांना मोफत आहेत. ऐकायला छान वाटतं, पण पैसे मागणाऱ्याची तिथंच पंचाईत होते. तिकीट नाही म्हणजे सरकार सगळं भागवतं, असं लोकांनी धरून चाललेलं असतं. सरकार भागवत नाही. 2024 मध्ये कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयाचं छत इतकं गळायला लागलं की इमारतच बंद करावी लागते की काय, अशा बातम्या आल्या. (ही माझी संस्था नव्हे, पण त्या आठवड्यात आमच्याकडेही सगळे वर बघून चालत होते.) आत मोने, सेझान या फ्रेंच चित्रकारांची चित्रं आणि रेन्वारची निळ्या झग्यातली बाई. ही चित्रं आली डेव्हिस आडनावाच्या दोन अविवाहित बहिणींकडून, 1951 आणि 1963 मध्ये, मिळून दोनशे साठ कलाकृती. त्यांच्या आजोबांनी पैसा केला तो कोळशाच्या खाणींत आणि रेल्वेत. आमच्या अमळनेरला प्रताप शेठजींची गिरणी होती आणि 1916 मध्ये त्यांच्याच पैशानं तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं, हे ज्याला माहीत आहे त्याला डेव्हिस घराणं वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आप्पांना तर लागलंच नाही. "शेठजीना मायक," म्हणाले. शेठजींसारखेच.

आता शेठजी राहिले नाहीत. तिथंही आणि इथंही. म्हणून मॅनेजर.

त्याचं काम चार तोंडांचं. ट्रस्ट आणि फाउंडेशनांना अर्ज लिहायचे, कंपन्यांच्या मागे लागायचं, साध्या माणसांकडून महिन्याला पाच-दहा पौंड सुरू करून घ्यायचे, आणि मृत्युपत्रं. साध्या माणसानं शंभर पौंड दिले, तर ‘गिफ्ट एड’मध्ये सरकार संस्थेला वरचे पंचवीस देतं. आपल्याकडे देणगीवरची करसवलत देणाऱ्याच्या पदरात पडते, तिथं करातला हा वाटा थेट संस्थेकडे जातो. मृत्युपत्राचं गणित आणखी वेगळं. तिथं वारसा कर चाळीस टक्के, पण मालमत्तेचा दहावा हिस्सा धर्मादाय ठेवला तर उरलेल्यावर छत्तीस. आपल्याकडे असा कर 1985 मध्ये गेला, त्यामुळे आपल्या म्हाताऱ्यांना मरताना सरकारची भीती नाही, फक्त पोरांची आहे.

"म्हणजे यानं लोकांच्या मरणाची वाट पाहायची," आप्पा म्हणाले.

मी म्हटलं, नाही, ओळख ठेवायची. पण ते चुकीचं बोलले नव्हते.

त्याच आठवड्यात मला आलेल्या अर्जांची छाननी करायची होती. आमच्याकडे अर्जावर नाव, वय, कॉलेज काही दिसत नाही, फक्त नंबर. मी वाचनालयात जाऊन बसले, कारण गावात त्यातल्या त्यात नेटवर्क तिथं. इमारत जुनी, धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची. पावसाळ्याआधी वर खारी माती पडते, तरी एका कोपऱ्यात ताडपत्री आणि पातेलं ठेवलेलंच. डोक्यावर चार पंखे आणि प्रत्येकाच्या पात्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव: अमक्याच्या स्मरणार्थ, तमुक परिवाराकडून. पंखा फिरतो तोवर कुणाचंच नाव वाचता येत नाही. लाईट गेली की दाता कळतो. त्या दुपारी दोनदा कळला.

अर्ज क्रमांक सातमध्ये लिहिलं होतं, ‘मी दात्यांचा प्रवास आखतो.’ अर्ज क्रमांक अकरानं मागच्या संस्थेत किती टक्के वाढ केली ते तीन वेळा सांगितलं होतं. मी शून्य ते चार असे गुण देत होते आणि समोर आप्पा रजिस्टरमध्ये ताडपत्रीचा खर्च मांडत होते. वाचनालय ‘ड’ म्हणजे सगळ्यांत खालच्या वर्गातलं. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मिळणारं अनुदान ग्रंथपालाचं मानधन आणि पेपरची बिलं यांतच संपतं. धाबं उतरवून स्लॅब टाकायचा तर गावाकडेच हात पसरायचा.

मी फोन काढला. म्हटलं, आप्पा, सुरुवात माझ्यापासून करा. पंचवीस हजार.

त्यांनी सीएला फोन लावला. सीएनं विचारलं, पासपोर्ट कुठला? मी ब्रिटिश पासपोर्ट घेतला, त्याला काही वर्षं झालीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड आहे, पण कायद्याच्या लेखी माझे पैसे म्हणजे विदेशी देणगी. भारतीय पासपोर्ट असलेल्या माझ्या दुबईच्या मावसभावानं स्वतःच्या कमाईतून दिले तर ते देशी, मी दिले तर परदेशी. ते घ्यायचे तर वाचनालयाला एफसीआरएखाली, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा आधी परवानगी हवी, आणि त्यासाठी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं हवं. ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला! सीए हसला नाही, हे विशेष.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. ज्या कपाटातून मी उन्हाळ्याच्या सुट्टीत पुस्तकं नेली, त्या कपाटाला माझा पैसा चालत नाही. आप्पांनी पावतीपुस्तक पिशवीत टाकलं आणि म्हणाले, "पैसा नही चालस, ते तू चाल." म्हणजे त्यांच्याबरोबर मागायला.

बारा वर्षांत मी कितीतरी लोकांना समोर बसवून विचारलंय, ‘देणगी मागण्याचा तुमचा अनुभव सांगा.’ पहिल्या ओट्यावर बसले आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. आप्पाही काही बोलेनात. म्हणजे बोलत होते, पण वर्गणीचं नाही. कपाशीची पाती का गळताहेत, थोरलीचं बाळंतपण कुठं करणार, मागच्या महिन्यात वारलेल्या म्हातारीला शेवटी त्रास झाला का. तिच्या दारावर ते तेव्हाही येऊन गेले होते, हे बोलण्यातून कळलं. चहा झाला. आप्पा उठले, चप्पल पायात सरकवली. तेव्हा घरधनी म्हणाला, "आप्पा, पावती नही फाडतस का?"

तिसऱ्या घरी त्यांनी मला पुढं केलं. मी वाचनालयाचं महत्त्व, मुलांचं वाचन, स्लॅबचा अंदाजे खर्च, असं सगळं क्रमानं सांगितलं. घरच्या बाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, तुम्ही बँकेतून आलात का?"

एका घरावरून आम्ही तसेच पुढं गेलो. दुमजली, नवं, फाटकावर सिंह. मी विचारलं तर आप्पा म्हणाले, तो रात्री नदीतली वाळू उपसतो. मग मला आठवलं, मारुतीच्या मंदिराच्या फरशीवर याच घराचं नाव कोरलेलं आहे, आणि त्या समितीतही आप्पाच. हे बोलून दाखवलं. त्यांनी जराही न अडखळता उत्तर दिलं, "देवले चालस, पुस्तकले नही."

या एका वाक्यावर मी विमानात बराच वेळ विचार केला. कारण तिथल्या मोठमोठ्या संस्थांना हे वाक्य अजून नीट बनवता आलेलं नाही. ज्या घराण्याच्या कंपनीच्या वेदनाशामक गोळ्यांनी अमेरिकेत व्यसनाची साथ पसरवल्याचा आरोप आहे, त्या सॅकलर घराण्याचं नाव ब्रिटिश म्युझियमनं 2022 मध्ये दालनांवरून उतरवलं. आणि 2023 मध्ये त्याच म्युझियमनं बीपी या तेल कंपनीकडून दहा वर्षांत पाच कोटी पौंड घेणार असल्याचं जाहीर केलं. गोळ्या नकोत, तेल चालेल. आप्पांचा हिशेब पटो न पटो, तो त्यांना विचारलं की लगेच मिळतो.

सप्टेंबरात मुलाखती झाल्या. तिघांना बोलावलं होतं. वेल्समध्ये 2011 च्या भाषाविषयक कायद्यामुळे आमच्यासारख्या संस्थांना प्रत्येक नव्या जागेसाठी वेल्श किती यायला हवी ते आधी ठरवावं लागतं, आणि उमेदवाराला मुलाखत वेल्शमधून देता येते. 2021 च्या जनगणनेत वेल्श बोलणारे सुमारे 18 टक्केच निघाले, तरी ही सोय. तिघांतली एक बाई वायव्य वेल्समधल्या दगडखाणींच्या भागातली. तिनं वेल्श मागितली. मी कानाला हेडफोन लावून अनुवाद ऐकत होते आणि मधूनच एक कान मोकळा करत होते. तिचा आवाज ऐकायला. शाळेत आप्पाच आम्हाला अहिराणीतलं ‘शे’ म्हटलं की थांबवायचे आणि ‘आहे’ म्हणायला लावायचे. घरी आले की पुन्हा शे.

तिघांना एकच प्रसंग दिला होता. एक वृद्ध बाई मोठी रक्कम द्यायला तयार आहे. अट अशी की तिच्या नवऱ्याचं नाव एका दालनाला कायमचं द्यावं. काय कराल? पहिल्यानं सुंदर उत्तर दिलं: बाईंशी नातं वाढवू, पुढं मृत्युपत्राकडे नेऊ. दुसऱ्यानं तक्ता काढला. वेल्श बोलणारी म्हणाली, मी नाही सांगेन. ‘कायमचं’ हा शब्द कुठल्याच संस्थेच्या हातात नसतो. पंचवीस वर्षं म्हणून लेखी देऊ, पटलं तर ठीक. पण हे मी पत्रानं कळवणार नाही, स्वतः जाऊन सांगेन आणि तिचा राग ऐकून घेईन.

आमच्या हिशेब खात्याच्या माणसानं तिला दोन गुण दिले. म्हणाला, हिनं समोर आलेला पैसा घालवला. मी चार दिले. बरीच हुज्जत झाली, पण शेवटी तीच निवडली गेली.

आठवड्यानं तिचं पत्र आलं. नम्र, दोन्ही भाषांत. दुसरीकडे जास्त देताहेत आणि घरून काम करता येतं, म्हणून येत नाही.

रविवारी आप्पांचा फोन आला. "भेटना का तुमना मांगनारा?" मी घडलं ते सांगितलं. पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"म्हंजे," ते म्हणाले, "पगार कमी पडना?"

आणि इतके हसले की ठसका लागून काकूला फोन घ्यावा लागला.

आमची जाहिरात परत लागली आहे. काल आप्पांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला: नव्या पावतीपुस्तकाची पहिली पावती, नाव त्यांचंच, रुपये एकशे एक फक्त, खाली निळ्या शाईत सही. त्यामागे रजिस्टरचा कोपरा दिसतोय. मी मोठा करून पाहिला. वाळूवाल्याचं नाव त्यात नाही.