'निवडणूकीत' वाचलं की पेन्सिल हातात येतेच

निवडणुका आल्या की पेपरात पहिल्या पानावर मोठ्या टायपात 'निवडणूकीत बंडखोरी' असं छापून येतं, आतल्या पानांवर 'मिरवणूकीत गोंधळ', 'वाहतूकीची कोंडी', 'गुंतवणूकीवर व्याज'. चारही ठिकाणी चूक एकच आणि नियमही एकच, जो शाळेत आपल्या सगळ्यांना शिकवलेला असतो. मराठी शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरात दीर्घ ई किंवा ऊ असेल तर प्रत्यय लागताना ते बहुतेक वेळा ऱ्हस्व होतं. मूल-मुलाला, फूल-फुलांचा, गरीब-गरिबाला, तसंच निवडणूक-निवडणुकीत. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द मात्र हलत नाही, म्हणून शरीर-शरीरात आणि सूत्र-सूत्राने. नियम आठवत नसेल तर मोठ्याने बोलून बघा, 'मुलाला' म्हणताना 'मु' आपोआप आखूड होतो.

मी छापलेलं काहीही वाचताना पेन्सिल घेऊनच बसते आणि घरच्यांना ते चमत्कारिक वाटतं, पण मला हे काम खरंच महत्त्वाचं वाटतं कारण आपल्याकडे छापलेलं म्हणजे बरोबर असं लोक धरून चालतात. मागे भाचीसाठी गोष्टींचं एक पुस्तक आणलं, चित्रं सुंदर, कागद चांगला आणि आत तीन ठिकाणी 'आर्शिवाद'. ती दुसरीत आहे, ती तसंच लिहायला शिकणार! आता यात रफार कुठे द्यायचा हे पाठ करायची गरजच नाही, आ-शीर्-वाद असं तोडून म्हणा, र चा उच्चार 'वा'च्या आधी होतो म्हणून रफार 'वा'वर बसतो, आणि 'शी' दीर्घ.

'श्रध्दांजली'चंही तेच. चौकातल्या फ्लेक्सवर, पेपरातल्या छोट्या जाहिरातीत, चांगल्या प्रकाशनांच्या पुस्तकांत सुद्धा 'ध्द' दिसतो. आपण बोलताना आधी द म्हणतो मग ध, पण जोडाक्षरात द च्या पोटाशी ध लटकलेला असतो त्यामुळे नुसतं बघून कुठला आधी ते कळत नाही आणि टाइप करणारा उलटं करून मोकळा होतो. द, मग पाय मोडायचा, मग ध, एवढंच. शुद्ध, प्रसिद्ध, युद्ध, बुद्धी सगळे एका दमात सुधारतात.

महत्त्व, तत्त्व, व्यक्तिमत्त्व यांत दोन त का, तर महत् मधला एक त आधीचाच आहे आणि 'त्व' नंतर लागतो. हे कळलं नाही की मग उलटीही चूक होते, लोक 'नेतृत्त्व' आणि 'कर्तृत्त्व' लिहायला लागतात जिथे एकच त हवा. म्हणून मी कुणाला चूक दाखवताना कारण सांगतेच, नुसतं बरोबर रूप सांगितलं तर ते तेवढ्या शब्दापुरतं राहतं.

अनुस्वार तर एक ठिपका, पण 'शिक्षकाच्या मागण्या मान्य' आणि 'शिक्षकांच्या मागण्या मान्य' यात एक माणूस आणि अख्खा संप एवढा फरक आहे. 'राज्यपालाचे भाषण' लिहिलं की आदरार्थी बहुवचनच गेलं.

विरामचिन्हांबद्दल लोक म्हणतात की ती आपली नाहीतच, इंग्रजांनी आणली. खरंय, जुन्या मोडी लिपीत तर दोन शब्दांमध्ये जागासुद्धा सोडत नसत, आणि मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याला देतात. पण आता त्यांच्यावाचून भागत नाही. मुलाखतीत अवतरणचिन्ह उघडतं आणि बंदच होत नाही, मग पुढाऱ्याचं बोलणं कुठे संपलं आणि बातमीदाराचं मत कुठे सुरू झालं ते वाचणाऱ्याने कसं ओळखायचं? हा मला सगळ्यात गंभीर दोष वाटतो, वेलांटीच्या चुकीपेक्षाही.

एक मात्र पक्कं, बोलीला हात लावायचा नाही. कथेतली म्हातारी 'पानी व्हतं' म्हणत असेल तर ते तसंच छापायचं. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांतही पात्राच्या तोंडी बोलण्यातली रूपं चालतात असं म्हटलंय. तिथे 'पाणी होते' करणारा संपादक मला चुका करणाऱ्यापेक्षा जास्त खटकतो.

भाचीच्या पुस्तकाबद्दल मी प्रकाशकांना लिहिलं. पान नंबर, ओळ, छापलेलं रूप, बरोबर रूप आणि कारण एका वाक्यात, बाकी टोमणा एकही नाही. टोमणा मारला की पत्र कचऱ्यात जातं हे नक्की. त्यांचं उत्तर आलं, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो म्हणाले आणि हेही कळवलं की डीटीपीवरून, म्हणजे संगणकावर पानं लावून झाल्यावर, फाइल थेट छापायला गेली होती, मधे प्रूफ कुणी वाचलंच नव्हतं. मला यात डीटीपी करणाऱ्याचा दोष दिसत नाही, त्याला पानामागे पैसे मिळतात आणि भराभर पानं लावायची असतात. मुद्रितशोधकाचे, म्हणजे प्रूफ वाचणाऱ्याचे, पैसे वाचवले जातात तिथे हे होणारच. काही प्रकाशक श्रेयपानावर 'मुद्रितशोधन' असं लिहून त्या माणसाचं नाव छापतात, ते सगळ्यांनी करावं आणि त्या नावाला नीट मानधनही द्यावं, लहान मुलांच्या पुस्तकांना तर आधी.