सेन्सर ०.१ टक्क्याचा, चूक ०.४ टक्क्याची: माझा अनुभव

टेबलावर सगळं जुळत होतं. ०-१० बारचा प्रेशर सेन्सर, आउटपुट ०-१० व्होल्ट, अचूकता ०.१ टक्का. व्होल्टेज थेट मीटरला जोडता येतं, म्हणून तोच प्रकार निवडला. जागेवर ६० मीटर केबल टाकल्यावर मात्र दाब शून्य असतानाही ०.०४ बार दिसू लागले.

संशय सेन्सरवर गेला. बदलून पाहिला, तेच. शेवटी मल्टिमीटर थेट सेन्सरच्या टर्मिनलवर लावला, तिथे आउटपुट शून्यच होतं. म्हणजे ४० मिलिव्होल्ट वाटेत भरत होते.

तीन तारांच्या सेन्सरमध्ये सप्लायचा करंट ज्या कॉमन तारेतून परततो, तीच सिग्नलचाही शून्य असते. हे माहीत होतं, हिशेब कधी केला नव्हता. ०.५ चौरस मिलिमीटरची ६० मीटर तांब्याची तार म्हणजे साधारण २ ओहम. सेन्सर घेतो २० मिलिअँपिअर. गुणाकार ४० मिलिव्होल्ट!

तेवढे सॉफ्टवेअरमध्ये वजा करायचे ठरवलं. पण त्याच कॉमनवर दुसरा सेन्सर होता. तो चालू-बंद झाला की शून्य सरकायचं. वजा तरी किती करणार?

मग दोन तारांचा ४-२० मिलिअँपिअरचा सेन्सर घेतला. तो दाब व्होल्टेजऐवजी करंटने सांगतो: शून्य दाबाला ४, पूर्ण दाबाला २० मिलिअँपिअर. सप्लाय, सेन्सर आणि मीटर एकाच वर्तुळात, म्हणजे लूपमध्ये; तिथे करंट सगळीकडे सारखाच, तार कितीही लांब असो. फक्त सप्लाय पुरला पाहिजे. २४ व्होल्टमधले किमान १० सेन्सरला लागतात. उरलेल्या १४ मध्ये २० मिलिअँपिअरला ७०० ओहमपर्यंत चालतं. माझे होते करंटचं व्होल्टेज करून मोजणारा २५० ओहमचा रेझिस्टर आणि जाण्या-येण्याच्या दोन तारांचे ४. शिवाय तार तुटली तर करंट ४ च्याही खाली, थेट शून्यावर येतो, बिघाड लपत नाही. हे मला फार मोलाचं वाटतं.

तरी दुपारी रीडिंग हलायचंच. रेझिस्टर साधा होता, अंशाला १०० पीपीएम (दहा लाखांत १०० भाग) बदलणारा. पॅनेल २० अंशांनी तापलं की ०.२ टक्के गेलेच. करंट आउटपुटचं मोजमाप शेवटी त्या रेझिस्टरवरच होतं, हे मी विसरलो होतो. १० पीपीएमचा बसवला, त्याची खरी किंमत मोजून सॉफ्टवेअरमध्ये घातली, आणि दुपारचा फरक ०.०२ टक्क्यावर आला.

टेबलावरच्या चाचणीसाठी मात्र अजून व्होल्टेजवालाच वापरतो. तिथे तार जेमतेम ३० सेंटिमीटर असते.