पाऊस, पिकअप आणि शनिवारची रेस

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात डांबरी ट्रॅकवर स्टॉक कार, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या रेसच्या गाड्या, पळवणाऱ्यांनी आठवडा वाटून घेतलाय, आपल्याकडे गावोगावचे आठवडी बाजार वाटलेले असतात तसा. गुरुवारी ककॉना, शुक्रवारी मॅडिसन, शनिवारी ला क्रॉस, जेफरसन आणि आमच्यासारखे आणखी काही, रविवारी स्लिंगर. दुसऱ्याच्या वारावर शक्यतो कोणी पाय देत नाही. असा काही कायदा नाही. गाड्या त्याच, ड्रायव्हर तेच आणि बघणारेही बरेचसे तेच, म्हणून हा समजूतदारपणा. विस्कॉन्सिन रॅपिड्सच्या डिक ट्रिकलने 1972 साली एका मोसमात 67 रेस जिंकल्या, त्याबद्दल इथले म्हातारे अजून छाती फुगवून बोलतात. तो पट्टीचा ड्रायव्हर होताच, पण रोज रात्री वेगळ्या गावात रेस मिळत होती म्हणून 67 जिंकता आल्या, हेही खरं. वेळापत्रकाला कोणी टाळ्या वाजवत नाही. मी वेळापत्रकवाली आहे, म्हणून मला हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

मी मूळची कराडची. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले आणि एका शनिवारच्या ट्रॅकवर उन्हाळ्यापुरते हिशेब ठेवायला म्हणून गेले, ती तिथेच रुळले. ट्रॅकचं नाव नको. पुढची तिकीट खिडकी, फोन आणि कोणत्या वर्गाची रेस कधी, याचा कागद ही माझी कामं. इथल्या मराठी मैत्रिणी अजून विचारतात, "अगं, तू त्या धूर काढणाऱ्या गाड्यांत करतेस तरी काय?"

करते ते एवढंच, की कोण कोणासाठी आलंय ते लक्षात ठेवते. छोट्या ट्रॅकचं अर्थकारण बाहेरच्याला उलटं वाटतं. आमच्याकडे प्रेक्षकांच्या गेटपेक्षा मागच्या, पिटच्या गेटवर गल्ला जास्त जमतो. पिट म्हणजे गाड्या उभ्या करून तयार करायची जागा. पिटमध्ये शिरणारा प्रत्येक जण पास विकत घेतो, गाडी चालवणारासुद्धा. एका जुन्यापान्या फोर-सिलिंडर गाडीमागे बाप, भाऊ, दोन मित्र आणि टायर उचलणारा मेहुणा येतो. आई, आजी, मैत्रीण वर स्टँडमध्ये बसतात. लेट मॉडेल ही दिमाखाची गाडी, पोस्टरवर तीच असते. पण पोस्टर बघून येणारे वर्षातून एकदा येतात. आजी दर शनिवारी येते.

त्या शनिवारी, जुलैच्या शेवटी, आमच्याकडे सुपर लेट मॉडेलची फिरती मालिका येणार होती. आसपासच्या राज्यांतून ट्रेलर निघणार होते, शंभर फेऱ्यांची रेस होती आणि बक्षिसाची रक्कम आमच्या नेहमीच्या शनिवारच्या कितीतरी पट होती. सोबत आमचे घरचे दोन वर्ग, फोर-सिलिंडर आणि स्ट्रीट स्टॉक. सकाळी रडार उघडलं तर आयोवातून वादळांची एक रांग मिसिसिपी नदीच्या दिशेने सरकताना दिसली.

मालक, रेस डायरेक्टर आणि मी ऑफिसात बसलो. मालिकेच्या माणसाचा फोन आलेला होता. मिनेसोटाची पथकं दहाला निघणार, हो की नाही ते त्याआधी सांगा. ट्रेलर एकदा हायवेला लागला की रद्द करणं म्हणजे डिझेलचा भुर्दंड आणि वर शिव्या. रद्द करून ऊन पडलं तर शिव्या, न करता पाऊस पडला तरी शिव्याच.

"उद्यावर ढकलू," डायरेक्टर म्हणाला.

"उद्या रविवार. स्लिंगर," मी म्हणाले. आमचे निम्मे लोक तिकडे असतात. पुढचा शनिवार मालिकेकडे रिकामा नव्हता. ऑगस्टमध्ये वेस्ट ॲलिसला स्टेट फेअर, शिवाय प्रत्येक काउंटीची आपली जत्रा. त्यानंतर शाळांचं अमेरिकन फुटबॉल, आणि राज्याची फुटबॉल टीम पॅकर्स खेळायला लागली की या राज्यात दुसरं काही होतच नाही. मे ते सप्टेंबर मिळून वीसेक शनिवार हाताशी असतात, त्यातला मोकळा असा एकही नसतो. स्लिंगरवाल्यांनी तर आपली सर्वांत मोठी रेस, नॅशनल्स, मंगळवारी ठेवून दाखवली आहे, कारण नॅसकार या देशव्यापी मालिकेचे नामांकित ड्रायव्हर शनिवार-रविवारी अडकलेले असतात. आम्ही काही स्लिंगर नाही. मंगळवारी आमच्याकडे कावळेही येणार नाहीत.

मालकांनी कॉफीचा कप ठेवला. "येऊ द्या सगळ्यांना."

मग दुपारभर फोन. "आहे का रेस?" एवढा एकच प्रश्न. इलिनॉयहून एका गृहस्थांचा आला. हे पूर्वीचे रॉकफर्डचे प्रेक्षक. तो ट्रॅक 1948 पासून चालू होता, 2023 चा मोसम संपला आणि बंद झाला. तेव्हापासून ही मंडळी शनिवार संध्याकाळ कुठे घालवायची ते शोधत आमच्यापर्यंत येतात. "निघू का नको, खरं सांगा." मी म्हणाले, गेट तीनला उघडतोय. एकही रेस झाली नाही तर तिकीट पुढच्या वेळेला चालेल. तिकीट वाया जाणार नाही, गेलं तर पेट्रोल जाईल. ते हसले आणि निघाले.

साडेपाचला सरी आल्या. वीसेक मिनिटं, पण मनसोक्त. स्टँडमधली माणसं ताडपत्र्या डोक्यावर घेऊन बसून राहिली, कोणी हललं नाही.

डांबरावर पळणाऱ्या लेट मॉडेलसारख्या गाड्यांच्या टायरला नक्षी नसते, गुळगुळीत रबर असतं. ओल्यावर ते धरत नाही, त्यामुळे ट्रॅक ठणठणीत कोरडा झाल्याशिवाय काही होत नाही. वळणावर ट्रॅक उतरता असतो, वरचं पाणी ओघळून खालच्या पट्ट्यात जमतं आणि नेमकी तीच पट्टी पळायला हवी असते. त्यात जुन्या डांबराच्या भेगांतून पाऊस थांबल्यावरही पाणी झिरपत राहतं. तिसऱ्या वळणाला अशी एक भेग आहे. तिला मी चांगली ओळखते. मोठ्या ट्रॅककडे गरम हवा सोडणारी यंत्रं असतात. आमच्याकडे दोन टोइंग ट्रक आणि एक ब्लोअर.

मालकांनी माइक घेतला. पिटमधल्या सगळ्या पिकअप ट्रॅकवर आणा म्हणाले. आणि जरा थांबून, "स्टँडमधल्या कोणाला आपली गाडी आणायची असेल तर क्रॉसओव्हर गेटवर सही करा."

सही माझ्याकडे. विम्याचा कागद असतो, काही झालं तर ट्रॅकवर दावा करणार नाही असं लिहून द्यावं लागतं, त्याशिवाय आत चाक टाकता येत नाही. मी क्लिपबोर्ड घेऊन गेटवर उभी राहिले. कागद दमट, बॉलपेन उठेना. शेवटी टायरवर गाडी नंबर लिहितात तो जाड पिवळा मार्कर कोणीतरी हातात दिला. एका चौकोनात एकच सही मावायची, ती पण खालच्या कागदावर उमटायची. रांगेत पिकअप होत्या, मिनिव्हॅन होत्या, एक केटररची गाडी होती, तिच्यावर सॉसेजचं चित्र. रात्री तो कागद वाळत घातला तेव्हा कोणाचं आडनाव काय हे ब्रह्मदेवालाही लागलं नसतं.

रांगेत जुनी ब्यूइक घेऊन एक आजीबाई होत्या. मी त्यांना ओळखते, नातू फोर-सिलिंडर चालवतो. सही करता करता म्हणाल्या, "त्याची रेस होणार ना पण? नाहीतर मी माझे टायर कशाला झिजवू?"

मी होईल म्हणाले. माझ्या हातात नव्हतं, तरी म्हणाले.

पाऊण-एक तास त्या गाड्या ट्रकच्या मागे रांगेने फिरत राहिल्या. हॉर्न वाजवायला मनाई होती, ती कोणीही पाळली नाही.

पावणेआठला क्रमाचा वाद निघाला. गावाची अट अशी की अकरानंतर इंजिनाचा आवाज नको. मालिकेच्या माणसाचं म्हणणं सरळ होतं. आम्ही लांबून आलोय, पैसा आमच्यावर लागलाय, आमची फीचर, म्हणजे मुख्य रेस, आधी घ्या. डायरेक्टरलाही पटलं. चूक काही नव्हतं त्यात. मी म्हणाले, हे लोक उद्या सकाळी आपल्या गावी असतील आणि पुढच्या जुलैत येतील. आत्ता ट्रॅक सुकवून दिला तो फोर-सिलिंडरच्या काका-मामांनी. त्यांना शेवटी ठेवलं आणि अकरा वाजले, तर पुढच्या शनिवारी खिडकीत मी एकटीच बसेन.

मालक तिसऱ्या वळणाकडे बघत राहिले. मग ठरलं. हीट, म्हणजे सुरुवातीच्या जागा ठरवायच्या छोट्या रेस, रद्द; जागा चिठ्ठीने. फोर-सिलिंडरच्या पंधरा फेऱ्या आधी, आणि गाडी फिरून रेस मंदावणारा पिवळा झेंडा आणला की तो ड्रायव्हर थेट पिटमध्ये, दुसरी संधी नाही. मग मालिका. स्ट्रीट स्टॉक शेवटी, वेळ उरला तर.

म्हणजे स्ट्रीट स्टॉकवाले गेले. कोणीतरी जाणारच होतं.

फोर-सिलिंडर झटक्यात उरकली. नातू सहावा आला, आजीबाई उभ्या राहून ओरडत होत्या. मालिकेची रेस मात्र रखडली. पिवळ्यावर पिवळे, रांगा लावा, पुन्हा सोडा. ऐंशी फेऱ्या उलटल्यावर पश्चिमेला वीज दिसली आणि डायरेक्टरने लाल झेंडा दाखवला. वीज दिसली की स्टँड रिकामं करायचं, यात आमच्याकडे चर्चा नसते. निम्म्याहून जास्त फेऱ्या झालेल्या, त्यामुळे निकाल अधिकृत. दुसऱ्या नंबरचा ड्रायव्हर हेल्मेट आपटत आला. तो बिचारा टायर राखून चालला होता, शेवटच्या वीस फेऱ्यांत गाठायचा बेत. स्टँडमधून हुर्यो उठली. नियम बरोबर होता असं मला वाटतं, आणि हुर्योही बरोबर होती.

पावसात खिडकीवर काही जण भांडून गेले. इलिनॉयचे गृहस्थ आले, त्यांनी पैसे मागितले नाहीत. सप्टेंबरचं वेळापत्रक छापून झालं का, एवढंच विचारलं. स्ट्रीट स्टॉकवाल्यांना आम्ही सांगितलं, पुढच्या शनिवारी दोन फीचर, आजचा पास चालेल.

सोमवारी दुसऱ्या एका ट्रॅकवरून फोन. पलीकडे माझ्यासारखीच वेळापत्रकवाली. "तुमच्या दोन फीचर म्हणे येत्या शनिवारी? आमची स्ट्रीट स्टॉकची स्पेशल आहे त्या दिवशी. एप्रिलपासून छापलीय." आवाज गोड, पण शब्द मोजून. तिचं बरोबर होतं. तिच्याकडच्या गाड्या कमी झाल्या असत्या आणि आमच्याकडेही अर्ध्याच आल्या असत्या. आम्ही एक आठवडा पुढे सरकवलं. बदल्यात तिने आपल्या माइकवरून आमची तारीख सांगायचं कबूल केलं.

मग एकेका स्ट्रीट स्टॉक ड्रायव्हरला फोन. बहुतेकांनी कुरकुर करून हो म्हटलं. शेवटचा जो होता, त्याच्या बहिणीचं लग्न निघालं त्याच शनिवारी.

"लग्न दोनला आहे," तो म्हणाला. "जेवण सहाला. तुमची पहिली फीचर किती वाजता?"

"सव्वाआठ."

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मागे कोणीतरी बाई त्याच्यावर ओरडत होती, बहुतेक आईच.

"दोन्हीला नाव लिही," तो म्हणाला. "गाडी आधी पाठवून देतो."