पोषण सप्ताहातला आमचा मेळावा अन् तेलाचा हिशोब

ऑगस्ट संपत आला की आमच्या नागपुरातल्या सक्करदऱ्याकडच्या बायकांचं एकच विचारणं सुरू होतं, मेळावा कोणत्या रविवारी आहे वो? १ ते ७ सप्टेंबर हा राष्ट्रीय पोषण सप्ताह, १९८२ पासूनचा, त्यालाच धरून आमच्या महिला मंडळाने हा मेळावा सुरू केला होता. आता २०१८ पासून सरकारने अख्खा महिनाच पोषणाचा करून टाकला, म्हणून पोळा, मारबत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी "इडापिडा घेऊन जा गे मारबत" ओरडत निघणारी पुतळ्यांची मिरवणूक), गणपती या सगळ्यातून एखादा मोकळा रविवार तरी सापडतो. वेळ मात्र ठरलेली, दुपारी तीन. आधी सकाळी ठेवायचे तर खुर्च्या रिकाम्या, कारण धुणीभांडी करणाऱ्या बायांना रविवारी कुठली सुट्टी, उलट कामाच्या घरी पाहुणे म्हणून भांडी दुप्पट. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या पोरी, हिंगण्याला एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्या, दवाखान्यातल्या आया, शाळेच्या मॅडम, सगळ्यांना धरून जमेल अशी तीच एक वेळ.

सुरुवातीच्या मेळाव्यांत नुसती भाषणं असायची. पाहुण्या मॅडम यायच्या, चार्ट टांगायच्या, दूध घ्या, फळं खा, सुकामेवा मूठभर. बाया मान डोलवायच्या आणि घरी जाऊन तेच वरण-भात आणि आलूची भाजी. मॅडमचं काही चुकत नव्हतं म्हणा, पण पहाटे पाचला उठून घरातल्यांचे डबे भरून सिटी बस पकडायची जिला घाई, तिने त्या चार्टचं करायचं काय? मग कोणीतरी स्पर्धेची कल्पना काढली (कोणी काढली यावर आजही तीन-चार जणी हक्क सांगतात). चार माणसांचा एक पदार्थ, पन्नास रुपयांत, अर्ध्या तासात, सामान बुधवार बाजारात नाहीतर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळणारं, आणि ताटलीसमोर चिठ्ठीवर पै-पैचा हिशोब. तिथून खरी मजा सुरू झाली.

त्या चिठ्ठ्या वाचण्यासारख्या असायच्या. एकीने ज्वारीच्या पिठात मुंगण्याचा (शेवग्याचा) पाला घालून थालीपीठं केली होती, चिठ्ठीवर "पाला – फुकट, शेजारचं झाड". दुसरीने बरबटीची (चवळीची) उसळ आणि जवसाची चटणी मांडली आणि चिठ्ठीवर लिहिलं "तेल – घरचं". झालं, मागून आवाज आला, "काकू, तुमच्या घरी तेल नळाला येते का वो?" सगळं समाजभवन हसून राहिलं आणि काकू लाल. त्यांचं म्हणणं तेल तर सगळ्यांच्याच घरी असते, ते काय मोजायचं, आणि दुसऱ्या बाजूचं म्हणणं की मग मीठ-मिरची पण घरचीच, हिशोब तरी कशाला लिहिता. शेवटी परीक्षक बाईंनी चमचाभर तेलाचे दोन रुपये धरा म्हणून निकाल दिला, तेव्हा कुठे थाळ्या पुढे सरकल्या. मला विचाराल तर त्या भांडणात जेवढं शिकायला मिळालं तेवढं कोणत्या भाषणात नाही, कारण पुढच्या वर्षीपासून बाया तेलच कमी घालायला लागल्या, पन्नासात बसवायचं म्हणून!

२०१५ चा मेळावा तर विसरूच शकत नाही. तूरडाळ तेव्हा चढतच होती, पुढे दिवाळीच्या सुमारास तर दोनशे रुपये किलोच्या घरात गेली, आणि नागपुरात तुरीचं वरण नाही म्हणजे जेवणच नाही. त्या वर्षी स्पर्धेत तूर दिसलीच नाही. मसूर, बरबटी, चणाडाळीचा भरडा, फुटाण्याच्या पिठाचं पातळ पिठलं, काय काय. होमसायन्सच्या मॅडमनी तेव्हा एवढंच सांगितलं की ज्वारीत जे कमी असतं ते डाळीत असतं आणि डाळीत कमी ते ज्वारीत, म्हणून भाकरीसोबत कोणती का होईना, डाळ सोडू नका. हे बायांना पटकन पटलं, कारण झुणका-भाकर कोणाला नवीन आहे.

एका वर्षी एक मावशी लाखोळीच्या (लाखेच्या) डाळीचे वडे घेऊन आल्या. चवीला एक नंबर, सगळ्यांनी दोन-दोन खाल्ले. मग मॅडमनी माईक घेतला. कधीमधी खाल्ले तर काही नाही, पण हीच डाळ महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून पोटात गेली तर पायातली ताकद जाऊ शकते, दुष्काळात लोकांचं तसं झालेलं आहे, भिजवून उकळून पाणी फेकलं तर त्यातला विषारी घटक कमी होतो पण पूर्ण जात नाही. मावशी काही ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या, "माझा बाप जन्मभर हेच खाऊन खुट्टखुट्ट चालला." मॅडम म्हणाल्या, सोबत भात, भाजी, ज्वारी पण खायचे ना? मावशी म्हणे, खायचे. "मग तेच तर सांगून राहिली मी."

एका कोपऱ्यात बोटाला टोचून हिमोग्लोबिन बघायचे. चिठ्ठी हातात पडली की दहावीचे मार्क विचारल्यासारखं सुरू व्हायचं, तुझे किती, माझे नऊ पॉइंट चार. बाराच्या खाली म्हणजे रक्त कमी, आणि बाराच्या वरची बाई शोधून काढावी लागे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रात १५ ते ४९ वयातल्या ५४ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला, म्हणजे आमच्या कोपऱ्यात वेगळं काही दिसत नव्हतं. त्यावर मॅडमचा सल्ला साधा, पालेभाजीवर लिंबू पिळा, आवळा खा, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, चहामुळे अन्नातलं लोह कमी अंगी लागतं.

आणि आमच्या मंडळाची रीत काय, तर बक्षिसं वाटताना, खाऊन झाल्याझाल्या, सगळ्यांना गरमागरम चहा! पाच-सहा वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. आलं तेव्हा केवढी खळबळ. "चहाशिवाय कसला मेळावा वो" म्हणून ज्येष्ठ मंडळी उठूनच गेली असती, मग तोड निघाली की चहा तीनला आल्या-आल्या द्यायचा आणि ताटल्या पाचनंतर. पोरींनी त्या वर्षी चिप्स-बिस्किटांच्या रिकाम्या पाकिटांची एक मारबत बांधून समाजभवनाच्या अंगणात फिरवली, "चहा-टोस्ट घेऊन जा गे मारबत!" ओरडत, हातात चहाचे कप घेऊनच.

आता पन्नासाचे शंभर झाले आहेत आणि यंदा गॅसचा खर्च धरायचा की नाही यावर व्हॉट्सॲपवर आठ दिवसांपासून रणधुमाळी चालू आहे. तेलवाल्या काकू यावेळी मोजायच्या बाजूच्या आहेत.