घराचे सामान कोठून येते आणि कोठे जाते

बडोद्यात राहणाऱ्या माणसाला बांधकामाच्या सामानातील रसायनांचा विषय परका वाटू नये. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना 1965 मध्ये सुरू झाला, त्याच्या आगेमागे खतांचा कारखाना आणि पेट्रोकेमिकल संकुल उभे राहिले, आणि नळाच्या पाइपांसाठी लागणारे पीव्हीसी काय किंवा सनमायकाच्या वरच्या थरात जाणारे मेलामाइन काय, दोन्ही या शहराच्या वेशीवर तयार होत आले आहे. तरीही घराचे काम काढले की आपण रंगाची छटा, टिकाऊपणा आणि भाव एवढीच चौकशी करतो. दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घराच्या काही खोल्यांची दुरुस्ती नुकतीच झाली, तेव्हा प्रत्येक वस्तू कशाची बनली आहे हे आधी विचारायचे आणि मगच ती घ्यायची, असे मी ठरवले होते. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवल्यानंतर एवढे तरी करणे मला आवश्यक वाटले. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. वस्तूचा धोका ती घरात आल्यानंतर मोजून भागत नाही. ती जेथे बनते तेथपासून ती जेथे टाकली जाते तेथपर्यंत तो मोजावा लागतो, आणि तसा मोजला की आरोग्य आणि हवामान हे दोन वेगळे प्रश्न उरत नाहीत.

सर्वांत जास्त वेळ प्लायने घेतला. दुकानात बहुतेकदा पुढे केला जातो तो एमआर प्रतीचा प्लाय, म्हणजे ज्याचे थर युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या डिंकाने चिकटवलेले असतात. हा डिंक स्वस्त आहे, पण त्याचे रासायनिक बंध ओलाव्याने आणि उष्णतेने हळूहळू सुटतात आणि फॉर्मल्डिहाइड वायू अनेक महिने, कधी वर्षानुवर्षे, बाहेर पडत राहतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये या वायूला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकले, आणि घरातील हवेत तो अर्ध्या तासाच्या सरासरीने घनमीटरमागे 0.1 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि त्यानंतर लगेच पावसाळ्याची दमट हवा येते. म्हणजे हा वायू सुटण्यास लागणाऱ्या दोन्ही गोष्टी आपले हवामान पुरवते. त्यातच खोली वातानुकूलित असली तर खिडक्या दिवसदिवस उघडत नाहीत. नवे कपाट उघडताच नाकाला झोंबणारा जो वास येतो, त्याला आपण कौतुकाने नव्या फर्निचरचा वास म्हणतो, त्यात या वायूचाही भाग असू शकतो.

पर्याय अगदीच नाही असे नाही. बीडब्ल्यूआर प्रतीच्या, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या, प्लायमध्ये फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो आणि त्याचे बंध पाण्याला दाद देत नाहीत, त्यामुळे वायू फारच कमी सुटतो. आमच्या सुतारांनी मला प्लायची कापलेली कड उजेडात धरून दाखवली: एका तुकड्यात थरांमधील रेघा फिकट, लाकडाच्याच रंगाच्या होत्या, तर दुसऱ्यात त्या गर्द तांबूस-तपकिरी दिसत होत्या. त्यांना रसायनांची नावे ठाऊक नव्हती, पण फिकट रेघेचा माल दिवसभर कापला की डोळ्यांतून पाणी येते, हे त्यांना अनेक वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते. मला हे फार महत्त्वाचे वाटते. ज्या वायूची आपण घरात एखाद्या मुलाच्या दम्यासाठी चिंता करतो, तो वायू आणि लाकडाची बारीक भुकटी हे कारागीर रोज, घरोघर, नाकाला फडकेही न बांधता ओढत असतात. शेवटी आम्ही नवा प्लाय थोडाच घेतला आणि माळ्यावर पडून असलेली सागवानी दारे कापून त्यांचीच फडताळे करून घेतली. जुन्या सागवानाला डिंक लागत नाही, त्याने झाड असताना शोषलेला कार्बन लाकडातच राहतो आणि नवे काही बनवावेही लागत नाही.

याच सागवानी दारांमुळे रंगाचा प्रश्न उभा राहिला. त्यांवर पिवळ्या आणि हिरव्या ऑइल पेंटचे जुने थर होते आणि अशा रंगांत पूर्वी लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचे एक संयुग, सर्रास वापरले जाई. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसे 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा, अधिक नसावे, हा नियम आपल्या देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचा कोणताही थर संशयास्पदच मानावा. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर ते कायमचा परिणाम करते. म्हणून असे दार कोरड्या पॉलिश पेपरने घासू देऊ नये. आम्ही ते ओले करून, अंगणात, मुलांना दूर ठेवून घासले, खाली पसरलेले प्लॅस्टिक गुंडाळून बाजूला ठेवले आणि झाडू न मारता फरशी ओल्या फडक्याने पुसली. जाळ्या आणि गज यांना कारखान्यांसाठी बनवलेला इनॅमल लावून घेण्याची पद्धत आहे, तीही टाळावी, कारण हा नियम औद्योगिक रंगांना लागू नाही. थिनरवर चालणाऱ्या रंगांमधून उडणाऱ्या वाफा तर दुहेरी नुकसान करतात: रंगाऱ्याचे डोके चढते ते वेगळेच, आणि याच वाफा उन्हात वाहनांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडांशी मिळून जमिनीलगतचा ओझोन तयार करतात, जो फुप्फुसांना अपायकारक आहे आणि पृथ्वीची उष्णताही अडवून धरतो.

भिंतींसाठी आम्ही चुन्याकडे वळलो. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे 7 ते 8 टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे आणि त्यातला अर्ध्याहून अधिक भाग इंधनातून नव्हे, तर तापवलेल्या चुनखडीतूनच सुटतो. चुना भाजतानाही हा वायू निघतोच, पण चुन्याची भट्टी सुमारे 900 अंशांवर चालते, तर सिमेंटच्या क्लिंकरला, म्हणजे दळून सिमेंट करण्याआधीच्या भाजलेल्या गोळ्यांना, 1450 अंश लागतात, आणि भिंतीवरचा चुना पुढे वर्षानुवर्षे हवेतील बराच वायू परत शोषून घेतो. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला तर आतली ओल बाहेर पडू शकत नाही, भिंतीला लोणा लागतो आणि बुरशी धरते. ती बुरशीच दमेकऱ्याला छळते. सिमेंटमधील सहासंयुजी क्रोमियममुळे गवंड्यांच्या हातांना चिघळणारी खाज सुटते, हेही या निवडीचे एक कारण होते. अर्थात ओला चुनाही डोळ्यांना व त्वचेला भाजतो, त्यामुळे गवंड्यांना चष्मे आणि हातमोजे आम्ही आणून दिले. चुन्याचे काम जाणणारे गवंडी शोधण्यात वेळ गेला, खर्चही वाढला, आणि प्रत्येकाला हे परवडेल असा माझा दावा नाही. पण गच्चीवर चुन्याचा पांढरा हात मारणे कोणालाही परवडते आणि त्याने खालची खोली उन्हाळ्यात जाणवेल इतकी थंड राहते.

पीव्हीसीला मात्र पाइपांपुरते पर्याय कमी आहेत. तेथे शिसेविरहित पाइप मागून घ्यावा, आणि खिडक्या, छत, भिंतींवरचे पत्रे यांसाठी पीव्हीसी घेऊच नये. त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग क्लोरीनचा असतो, आणि पीव्हीसी ज्या व्हिनिल क्लोराइडपासून बनते ते यकृताच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे. त्याचे तुकडे जाळले की डायॉक्सिने नावाची अत्यंत विषारी संयुगे तयार होतात. ज्यांच्याकडे अजून आंघोळीच्या पाण्याचा बंब आहे, त्यांनी त्यात पाइपांचे, प्लायचे किंवा सनमायकाचे तुकडे कधीही घालू नयेत.

शेवटचा प्रश्न होता मागच्या पडवीवरच्या सिमेंटच्या पत्र्यांचा, म्हणजे त्यांत मिसळलेल्या ॲस्बेस्टॉस या बारीक तंतूंच्या खनिजाचा. साठाहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. आपल्याकडे त्याचे खाणकाम थांबले, पण आयात करून पत्रे बनवणे चालूच आहे. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन ॲण्ड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी कामगारांच्या वैद्यकीय नोंदी नोकरी लागल्यापासून 40 वर्षे किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर ठेवाव्यात, असा आदेश दिला. इतकी लांब मुदत अशासाठी, की या तंतूंमुळे होणारे आजार अनेक दशकांनी उघडे पडतात. पत्रा शाबूत असेपर्यंत धोका कमी असतो. तो फोडताना, भोके पाडताना आणि घासताना तंतू हवेत उडतात. म्हणून आमचे पत्रे हातोड्याने न फोडता, पाणी मारून, अखंड उतरवले आणि जाड प्लॅस्टिकमध्ये बांधले. ते उचलणाऱ्याने मात्र इतर राडारोड्याबरोबर रस्त्याकडेच्या खड्ड्यात टाकण्याची तयारी दाखवली, आणि मी त्याला नकार दिला. गठ्ठे अजून पडवीतच आहेत. असा कचरा वेगळा घेण्याची सोय वॉर्ड कार्यालयात असावी, अशी लेखी मागणी मी केली आहे. आपल्या इमारतीत किंवा वाड्यात असे पत्रे असतील तर आपणही ही मागणी लिहून द्यावी, आणि तोवर ते पत्रे कोणालाही फोडू देऊ नयेत.