पीटीसीची पट्टी ते जेलवरचा बँड : माझा अनुभव

पीटीसी हे रसायन काहींना कडू लागतं, काहींना नाही. हा फरक तोंडातल्या पेशींच्या डीएनएमध्ये शोधायचा, असा हा प्रयोग. कोल्हापुरात पदवीच्या वर्गाकडून तो करून घेताना मी चवीची पट्टी डीएनएच्या आधी देते. जेल (त्यात डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे होऊन रेघा, म्हणजे बँड, दिसतात) पाहिल्यावर विचारलं की उत्तर जेलकडे झुकतं. पहिली पट्टी कोरी, दुसरी पीटीसीची. कडू लागलं का, किती, ते लगेच वहीत. ‘मला कारलं कडू लागतं, म्हणजे मी टेस्टरच (पीटीसी कडू लागणारा)’ हे चालत नाही. माणसात कडू चव ओळखणारे सुमारे २५ ग्राही आहेत आणि पीटीसी ओळखणारा टीएएस२आर३८ हा त्यातला एक.

मिसळ खाऊन आलेल्यांनी आधी साध्या पाण्याने चूळ भरायची. मग ०.९ टक्के मिठाचं १० मिली पाणी ३० सेकंद तोंडात, गालांवर जीभ घासत. त्यातलं दीड मिली ९० सेकंद सेंट्रिफ्यूज केलं की तळाला पेशींचा पांढरा थर दिसतो. दिसला नाही तर त्याच ट्यूबमध्ये आणखी घेऊन पुन्हा फिरवा. वरचं पाणी काढून थर उरलेल्या ३० मायक्रोलिटरमध्ये मिसळायचा, १० टक्के चेलेक्सच्या (धातूचे आयन धरणाऱ्या बारीक मण्यांच्या) १०० मायक्रोलिटरमध्ये घालायचा, ९९ अंशांवर १० मिनिटं ठेवायचा आणि पुन्हा फिरवायचा. वरचं डीएनए असलेलं फक्त ३० मायक्रोलिटर उचला. चेलेक्सचे मणी सोबत आले तर ते मॅग्नेशियम धरून ठेवतात, टॅक (डीएनएच्या प्रती काढणारं विकर, म्हणजे एन्झाइम) थंडावतं आणि जेलवरची त्या नमुन्याची लेन रिकामी जाते.

पीसीआरमध्ये (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढताना) प्रायमर, म्हणजे प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारा छोटा तुकडा, ६४ अंशांवर बसतो, ३५ चक्रं, तुकडा २२१ बेसचा (बेस म्हणजे डीएनएची अक्षरं ए, सी, जी, टी). मला या प्रयोगात सर्वांत सुंदर वाटतो तो हा प्रायमर. टीएएस२आर३८ च्या जनुकात १४५व्या जागी टेस्टरला सी असतो, नॉन-टेस्टरला जी. पण एचएई-थ्रीला (डीएनए ठरावीक जागी कापणारं विकर) कापायला जीजीसीसी लागतं, आणि १४३व्या जागी जनुकात ए आहे. प्रायमरमध्ये तिथे मुद्दाम जी ठेवलाय. त्यामुळे टेस्टरची प्रत १७७ आणि ४४ अशी तुटते, नॉन-टेस्टरची २२१च राहते.

खरी फसगत इथेच होते. कापणी अर्धवट राहिली तर टीटी (दोन्ही प्रती टेस्टरच्या) विद्यार्थी टीटीऐवजी संकरयुग्मी (एक प्रत टेस्टरची, एक नॉन-टेस्टरची) दिसतो, कारण २२१ आणि १७७ दोन्ही बँड उमटतात. कापणारं विकर ग्लिसरॉलमध्ये असतं, तळाला बसतं. पिपेटने वरखाली करून मिसळा. १० मायक्रोलिटर पीसीआरच्या द्रवाला एक मायक्रोलिटर विकर, ३७ अंशांवर पूर्ण दोन तास. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात विकराची ट्यूब टेबलावर ठेवू नका. फ्रीझरमधून थेट बर्फात. दर खेपेला माहितीतला टीटी नमुना सोबत कापा. तो पूर्ण तुटला नसेल तर त्या खेपेचा एकही निकाल लिहू नका.

जेल २ टक्क्यांचं, न कापलेला नमुना शेजारच्या वेलमध्ये (खाचेत). ४४चा बँड फिका असतो आणि प्रायमर-डायमरशी (प्रायमर एकमेकांना चिकटून झालेल्या तुकड्याशी) गल्लत होते. निर्णय १७७ आणि २२१वर घ्या.

चव आणि जेल जुळलं नाही तर वही खोडू नका. याच जनुकात ७८५ आणि ८८६ या जागांवरही फरक असतात, ते हे विकर दाखवत नाही. नमुन्यांवर नावाऐवजी क्रमांक टाका आणि आईवडिलांचे नमुने मागवू नका. नको असलेली कौटुंबिक माहिती बाहेर पडू शकते.